नाटकाच्या ग्रुपमधला ‘इंट्रो’: ते रॅगिंग धरायचं का, आणि सेक्रेटरीनं करायचं काय

तुझा प्रश्न मला कळला तो असा. नांदेडकडचं कॉलेज, तू थर्ड इयरला, यंदा नाटक-लोककलेच्या ग्रुपचा सेक्रेटरी झालायस. ग्रुपात दरवर्षी नव्या पोरांचा ‘इंट्रो’ होतो, रात्री, सिनिअरच्या रूमवर. यावर्षी फर्स्ट इयरच्या एका पोरानं इंट्रोनंतर ग्रुप सोडला आणि दोन दिवसांत होस्टेल सोडून गावी गेला. सिनिअर म्हणायलेत की मस्करी होती, कुणी हातसुद्धा लावला नाही, आणि त्यानंच हो म्हणलं होतं. तुला विचारायचंय की हे रॅगिंगमध्ये बसतं का, आणि बसत असलं तर ग्रुप न तुटता, तुझं नाव न फुटता थांबवायचं कसं.

मी मराठवाड्यातल्याच एका अनुदानित कॉलेजात बरीच वर्षं शिकवतो, होस्टेलचा रेक्टर होतो, अँटी रॅगिंग कमिटीवर अजून आहे, आणि युवक महोत्सवाला संघ घेऊन जायचं कामही माझ्याच गळ्यात असतं. त्यामुळं ग्रुपवाल्यांची बाजूही मला माहितीये. तालमी रात्री बारापर्यंत चालतात, एकमेकांवर भरवसा लागतो, आणि नवं पोरगं लाजत बसलं तर स्टेजवर काही होत नाही, हे सगळं खरं आहे.

आता पहिलं उत्तर. बसतं. आपल्याकडं महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदाच आहे, १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा, आणि त्यातली व्याख्या लोकांना वाटते त्यापेक्षा कितीतरी रुंद आहे. मारहाणच लागते असं नाही. भीती, लाज किंवा ओशाळल्यासारखं वाटेल असं वागणं, चिडवणं, शिवीगाळ, धमकी, अंगावर येणारी थट्टा, आणि जी गोष्ट त्या विद्यार्थ्यानं एरवी आपणहून केली नसती ती करायला लावणं, हे सगळं त्यात आहे. म्हणजे ‘हात लावला नाही’ हा बचावच नाही. कॉलेजच्या आत असो का बाहेर, दोन्हीकडं बंदी आहे, त्यामुळं गावातली भाड्याची रूम, एखाद्याचं शेत, रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) कॅम्प, महोत्सवाला जाताना घेतलेली लॉज, कुठंही सूट नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, आणि शाबीत झालं की कॉलेजातून नाव कमी आणि पाच वर्षं दुसरीकडं कुठंच ॲडमिशन नाही. हे शेवटचं पोरांना ठाऊक नसतं, आणि ऐकलं की सगळ्यात जास्त धसका त्याचाच घेतात.

त्याच्यावर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २००९ चे नियम. त्यावर्षी मार्चमध्ये हिमाचलमधल्या टांडा मेडिकल कॉलेजात अमन काचरू हे एकोणीस वर्षांचं पोरगं सिनिअरच्या मारहाणीत गेलं, सुप्रीम कोर्ट आधीपासून मागं लागलेलंच होतं, मग हे नियम आणि देशभराची हेल्पलाइन आली. त्यात ज्युनिअरकडून अभ्यासाचं काम करून घेणं आणि त्याच्यावर खर्चाचा बोजा टाकणं हेपण रॅगिंग म्हणून लिहिलंय. म्हणजे सिनिअरची जर्नल उतरवून देणं, तालमीनंतरचा चहा-नाष्टा ‘नव्यांकडून’, गाडीत पेट्रोल नव्यांकडून, हे पण. २०१६ ला दुरुस्ती होऊन जात, धर्म, प्रदेश, भाषा, दिसणं, घरची परिस्थिती यावरून केलेला छळही स्पष्टपणे आत आला.

पण खरं सांगू का, तुझी अडचण कायद्याची नाहीये. कायद्यात बसतं का हे विचारायची वेळ आली तेव्हाच तुला आतून उत्तर माहिती होतं. तुला अडलंय ते ‘त्यानं हो म्हणलं होतं’ या वाक्यावर, कारण ते खोटं नाहीये. त्यानं हो म्हणलंच असेल.

कमिटीत बसून मी एक सवय लावून घेतलीये. हो म्हणलं होतं का, हे मी विचारतच नाही. मी विचारतो, नाही म्हणला असता तर त्याचं काय काय गेलं असतं? आणि मग एकेक लिहून काढायचं. नाटकातला पार्ट गेला असता. रूम कुणी मिळवून दिली, याच सिनिअरनं. मागच्या वर्षीच्या नोट्स कुणाकडं आहेत, त्याच्याकडंच. मेसचं खातं कुणाच्या ओळखीनं उघडलं. प्रॅक्टिकलला कुठले सर काय विचारतात हे कोण सांगणार. शनिवारी गावाकडं जायला गाडीवर मागं कुणाच्या बसायचं. किनवट, मुखेड, कंधारकडून पहिल्यांदा शहरात आलेल्या पोराचं आख्खं जगणं त्या एका सिनिअरच्या हातात असतं, आणि मग तोच सिनिअर रात्री साडेअकराला मेसेज टाकतो, ‘खाली ये, इंट्रो आहे’. असल्या वेळी निघालेला ‘हो’ म्हणजे राजीखुशी नव्हे. लाइटबिल थकलेला माणूस वायरमनला जसं हो म्हणतो तसलं ते हो असतं.

म्हणून माझं मत असं की ग्रुपमधलं रॅगिंग हे वाईट पोरांमुळं कमी आणि या परावलंबीपणामुळं जास्त टिकतं. एक मस्तीखोर बॅच पास होऊन गेली तरी पुढची बॅच तेच करते, कारण नव्या पोराची गरज तशीच आहे आणि ती भागवायचा दुसरा रस्ता कॉलेजनं ठेवलेला नाही. तुला थांबवायचं असेल तर पोरांना उपदेश करून काही होत नाही, मी करून बघितलंय असले कार्यक्रम, पहिल्या आठवड्यात पोलीस निरीक्षक येतात, भाषण होतं, फोटो निघतो, त्याच रात्री इंट्रो होतो.

आता इंट्रोत नेमकं काय होतं त्याबद्दल एक बोलू दे, कारण सिनिअर लोक सांगताना गाणं म्हणायला लावलं, डान्स करायला लावला एवढंच सांगतात. आमच्याकडं कमिटीसमोर आलेल्या पोरांनी जे सांगितलं त्यात गाणं-डान्स मधे कुठंतरी असतं. सुरुवात असते, ‘नाव सांग. पुरं सांग. आडनाव गिळू नको.’ मग गाव. मग ‘मार्क किती, ॲडमिशन कशातून’. मग बाप काय करतो. समोर दहा जण पलंगावर बसलेले, हा एकटा मधे उभा, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. आडनाव आणि कॅटेगिरी विचारून झाली की पुढची सगळी मस्करी कुठल्या दिशेला जाणार ते ठरूनच जातं. बाप ऊसतोडीला जातो म्हणलं की मग कोयता कसा धरतात ते करून दाखव. ‘आमी’ म्हणला की भाषेवरून हसणं. आणि हे करणारे पण तिथूनच आलेले असतात, एखादा आष्टीचा, एखादा जिंतूरचा, दोन वर्षांत शहरी झालेले. यात जातीवरून अपमान झालेला असेल आणि पोरगं अनुसूचित जाती-जमातीचं असेल तर मामला ॲट्रॉसिटी कायद्यात जातो आणि तिथं ‘कॉलेजातच मिटवू’ हा विषयच राहत नाही. तुझ्या ग्रुपमध्ये त्या रात्री आडनावावरून काही झालं का, हे आधी नीट काढ. मला शंका आहे, कारण नुसतं गाणं म्हणायला लावलं म्हणून कुणी होस्टेल सोडून जात नाही.

तर आधी तो पोरगा. ग्रुपची सुधारणा नंतर. आज-उद्या त्याला फोन कर, मेसेज नको. एकटा कर, स्पीकरवर नको, आणि ‘सिनिअर सॉरी म्हणायलेत, परत ये’ हे तर अजिबात नको. जेवला का, झोप होतीये का, घरी काय सांगितलंस, एवढं विचार आणि ऐक. जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी बोलला, किंवा बोलण्यात तसलं काही जाणवलं, तर तू एकट्यानं सांभाळत बसू नको, घरातलं कुणीतरी त्याच्याजवळ लगेच असलं पाहिजे, त्यासाठी त्याचा शब्द मोडावा लागला तरी मोड. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आधारासाठीचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं, तो त्याला दे.

घरी त्यानं बहुतेक काही सांगितलं नसेल. आपल्याकडं पोरं सांगत नाहीत त्याचं कारण नुसती लाज नसते. सांगितलं तर बाप म्हणणार, ‘राहू दे मग, ये घरी, शेतीत हातभार लाव.’ पोरींचं तर आणखी अवघड, होस्टेलवर त्रास होतोय हे घरी कळलं की शिक्षण बंद आणि पाहुणे बघायला सुरुवात, हे मी किती घरांत बघितलंय. म्हणून मुलींच्या होस्टेलमधल्या तक्रारी कमी येतात, त्रास कमी असतो म्हणून नव्हे. तक्रार घेणाऱ्यानं पहिल्याच दिवशी ‘पालकांना बोलावून घ्या’ म्हणलं की समोरचा तक्रार मागं घेतो. पालकांना सांगायचं, पण कसं आणि कोण सांगणार हे त्या पोराशी बोलून ठरवायचं, शक्यतो एखाद्या शिक्षकानं सांगायचं, आणि शिक्षण थांबवायचं कारण नाही हे त्यातच सांगायचं.

पुरावा. त्याला सांग की त्या रात्रीचं जे आठवतं ते आजच लिहून काढ, वहीत, हातानं, किती वाजता बोलावलं, कुणाच्या फोनवरून, रूम कोणती, कोण कोण होतं, कोण नुसतं बसून होतं, कोण शूटिंग करत होतं. महिन्यानं लिहिलेलं गुळगुळीत होतं, नावं सरकतात. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट नंबर आणि तारीख दिसेल असे घ्यायचे, मूळ मेसेज मात्र फोनमध्ये तसेच ठेवायचे. हल्ली ग्रुपवाले मेसेज आपोआप गायब होणारं सेटिंग लावून ठेवतात, तुझ्या फोनमध्ये अजून काही असेल तर आत्ताच घेऊन ठेव. त्याचा व्हिडिओ कुणाकडं असेल तर तो इकडं-तिकडं फॉरवर्ड करायचा नाही, पुरावा म्हणूनसुद्धा नाही, तो फक्त कमिटी किंवा पोलिसांना दाखवायचा. अंगाला कुठं लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून कागद घ्यायचा.

तक्रार कोण करू शकतं? इथं बहुतेकांचा गैरसमज असतो की ज्याच्यावर झालं त्यानंच केली पाहिजे. तसं नाहीये. राज्याच्या कायद्यात कुठलाही विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक लेखी तक्रार देऊ शकतो, म्हणजे तूसुद्धा. लेखी तक्रार हातात पडल्यापासून सात दिवसांत प्राचार्यांनी चौकशी करायची, वरकरणी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला सस्पेंड करायचं आणि तक्रार लगेच पोलीस स्टेशनला पाठवायची. नाही केलं तर प्राचार्यांनीच रॅगिंगला साथ दिली असं कायदा धरतो. यूजीसीच्या नियमात आणखी कडक आहे, फौजदारी गुन्हा दिसत असेल तर चोवीस तासांत एफआयआर.

कागदावर हे इतकं कडक असून होत काय असतं? तोंडी तक्रार. ‘बसा, पाणी घ्या, मी बघतो.’ मग दोन्हीकडच्या पोरांना समोरासमोर बसवतात, माफीनामा लिहून घेतात, तोवर कुणातरी पुढाऱ्याचा फोन येऊन गेलेला असतो, आणि रेकॉर्डवर काहीच नाही. म्हणून अर्ज लेखी द्यायचा, ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर, आणि आपल्या झेरॉक्सवर शिक्का, आवक नंबर आणि तारीख मारून घ्यायची. क्लार्क म्हणेल साहेबांना भेटा आधी. साहेबांना भेटायचं, पण शिक्का घेऊन. तो नंबर पडला की सात दिवसांचं घड्याळ सुरू होतं आणि मग मिटवामिटवी करणाऱ्यालाही दहा वेळा विचार करावा लागतो, मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसतो म्हणून सांगतो.

कॉलेजवर भरवसा नसेल तर १८००-१८०-५५२२, यूजीसीची हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास. अँटीरॅगिंग डॉट इन या साइटवरूनही करता येते. तक्रार नोंदली की नंबर मिळतो आणि कॉलेजला वरून विचारणा येते, त्यामुळं झोपलेलं कॉलेजही हलतं. आत्ता मारहाण किंवा कोंडून ठेवणं चालू असेल तर मात्र हेल्पलाइन नको, सरळ ११२. आणि कुणी म्हणलं की ही आमची हद्द नाही, तर झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला घ्यावा लागतो, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय.

नाव फुटायचं म्हणतोस, तर नियम सांगतो की माहिती देणाऱ्याची ओळख जपायची आणि तक्रार केली म्हणून त्याला त्रास होता कामा नये. हेल्पलाइनलाही नाव गुप्त ठेवा म्हणून सांगता येतं. पण पंचवीस पोरांच्या ग्रुपात नाव लपवून भागत नाही, मजकुरावरूनच कळतं कुणी लिहिलं. जी गोष्ट फक्त तुलाच माहिती होती ती अर्जात पहिल्या ओळीत आली की संपलं. म्हणून जे चार-पाच जणांनी बघितलंय तेवढंच आधी लिही, बाकीचं कमिटीपुढं तोंडी सांग. शक्य असेल तर दोघा-तिघांच्या सह्या घे, किंवा तुझ्या विश्वासातल्या एखाद्या शिक्षकाला त्यांच्या नावानं द्यायला सांग, कायद्यानं चालतं. तुझ्या कॉलेजात असे शिक्षक आहेत का, प्राचार्य कसे आहेत, हे मला इथून कळत नाही, त्यामुळं आधी आत द्यायची का थेट हेल्पलाइनला, ते तूच ठरव. माझा कल असा की पोरगं घाबरून गाव सोडून गेलंय तर दोन्हीकडं एकाच दिवशी द्यावी.

एक कडू गोष्ट आहे. तू सेक्रेटरी आहेस. कायद्यात नुसता करणारा नाही, साथ देणारा आणि पसरवणारापण येतो. तू त्या रूममध्ये होतास का हे तू लिहिलं नाहीस. होतास तर ते अर्जात लिही, ‘मी हजर होतो, थांबवलं नाही’ असं सरळ. हे दुसऱ्याच्या तोंडून बाहेर येण्यापेक्षा तुझ्या हातचं असलेलं बरं.

आमच्या कमिटीनं केलेल्या दोन गोष्टी सांगतो, तुझ्या सरांना सुचव. तक्रारपेटी आमच्याकडं होती, रेक्टरच्या ऑफिसबाहेर, ट्यूबलाइटखाली, समोर टीव्ही हॉल. टीव्ही हॉलमध्ये कायम सिनिअर बसलेले. त्यात चिठ्ठी कोण टाकणार? वर्षभर रिकामी, आणि रिपोर्टात ‘तक्रार निरंक’. ती पेटी उचलून लायब्ररीत परत द्यायच्या पुस्तकांच्या खिडकीशेजारी नेली, तिथं कुणी काय टाकलं हे कुणाला दिसत नाही, मग चिठ्ठ्या यायला लागल्या. दुसरं, नियमात पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी नव्या पोरांचा निनावी सर्व्हे सांगितलाय. बहुतेक कॉलेजं हो-नाहीचा फॉर्म वाटतात, आणि जे पोरगं काही लिहायला लागतं ते लिहितंय हेच सगळ्यांना दिसतं. आम्ही फॉर्मवर आधी मेसच्या जेवणावर पाच ओळी सक्तीच्या केल्या. सगळेच लिहायलेत, मग कोण भाजीबद्दल लिहितंय आणि कोण दुसऱ्याच कशाबद्दल, काही कळत नाही. भाजीबद्दलही कळलं बरंच, ते वेगळं.

आता ग्रुप. पार्ट कुणाला द्यायचा हे सिनिअरच्या मर्जीवर ठेवू नको. ऑडिशन दिवसा, हॉलमध्ये, दार उघडं, प्रभारी शिक्षक समोर, आणि निवडलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर. वर्गणी सगळ्यांना सारखी, पावतीवर. चहाचा खर्च ग्रुपच्या पैशातून, नाहीतर ज्याचा त्यानं. फर्स्ट इयरला कुणाच्याही रूमवर बोलवायचं नाही, कामासाठीसुद्धा नाही, आणि तालीम उशिरा संपली तर सोडायला दोघं जातील आणि रेक्टरला कळवलेलं असेल. जुन्या नोट्स, प्रॅक्टिकलची माहिती हे एका फोल्डरमध्ये टाकून सगळ्या फर्स्ट इयरला देऊन टाक, मागायची वेळच येऊ नये. यूजीसीच्या नियमात सहा नव्यांमागं एक सिनिअर मेंटर अशी व्यवस्था आहे, ती कॉलेजकडून कागदावर करून घे, म्हणजे मदत करायचं कामही नेमून दिलेलं राहतं आणि कुणी उपकार म्हणून मिरवत नाही.

‘मग ओळख कशी होणार’ असं सिनिअर विचारतील. कामानं होते. लोकनाट्याचा सेट उभा करताना एक बांबू दोघांनी धरला की तासाभरात सगळी ओळख होते. आणि ओळख करून द्यायचीच तर सिनिअरनं आधी स्वतःची द्यायची, उभं राहून, नव्या पोरांनी बसून ऐकायची. आमच्याकडं पहिल्या वर्षी यावरून दोघं रुसून ग्रुप सोडून गेले. त्यातला एक चांगला ढोलकी वाजवायचा, त्यावर्षी महोत्सवात आमचा पोवाडा पडला, हे पण सांगतो. ग्रुप तुटला नाही पण थोडा झिजतो, तेवढी तयारी ठेव.

तुझा पार्ट जाईल का, असंपण तू शेवटी विचारलंयस. जाऊ शकतो, यावर्षीचं नाटक तेच सिनिअर बसवत असतील तर बहुतेक जाईलच. तसं झालं तर तेपण तारीख टाकून लिहून ठेव, कारण तक्रार केली म्हणून डावललं हे नियमाविरुद्ध आहे, आणि कमिटीपुढं ते वेगळा मुद्दा म्हणून मांडता येतं. पण आधी त्या पोराला फोन कर, त्याचा सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म भरायची तारीख कधी आहे ते ऑफिसातून विचारून घेऊन मग कर.